जिमी स्मिथ कसा ऐकावा: हॅमंड ऑर्गनच्या जॅझमध्ये नव्यानं शिरणाऱ्यांसाठी

जॅझ ऐकायला लागलेल्या माणसाला आज ना उद्या कोणीतरी 'जिमी स्मिथ ऐक' असं सांगतंच. तो अॅपवर नाव टाकतो, अल्बमांची न संपणारी रांग समोर येते. त्यातला सगळ्यात वरचा लावतो आणि पाच मिनिटांत कंटाळतो. एकतर फार गडबड वाटते, नाहीतर जुन्या हॉटेलच्या लॉबीत वाजणारं काहीतरी वाटतं. दोष ऐकणाऱ्याचा नसतो, क्रमाचा असतो. मी पेटीच्या क्लासातून या वाद्याकडे आलो. त्यामुळे ज्यांना सारेगम ठाऊक आहे, ठेका आणि सम कळते, पण जॅझची ओळख नाही, अशांसाठी हा क्रम लिहितो आहे. अजिबात संगीत न शिकलेल्यांनाही चालेल. फक्त तिसरी पायरी त्यांनी जरा सावकाश चढावी.

सगळ्या लेखात माझं मुख्य सांगणं एवढंच आहे: जिमी स्मिथला उजव्या हाताकडून ऐकू नका, डाव्या हाताकडून ऐका. उजवा हात टाळ्या घेतो. डावा हात आणि डावा पाय घर चालवतात.

काय काय लागेल

- कानावर नीट बसणारे हेडफोन, किंवा खर्ज देणारा बऱ्यापैकी स्पीकर. ही एकच गोष्ट सक्तीची.
- कुठलंही म्युझिक अॅप किंवा यूट्यूब. शफल बंद ठेवा.
- कागद-पेन्सिल. आवर्तनं मोजायला सुरुवातीला लागते.
- घरात हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर उत्तम. नसला तरी अडत नाही.

हेडफोनचा आग्रह का? फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर बाहेर पडतच नाहीत. म्हणजे नेमका स्मिथचा डावा हात गायब होतो आणि उरतो तो वरचा किणकिणाट. 'ऑर्गनचा आवाज पातळ वाटतो' असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण फोनच्या स्पीकरवर ऐकत असतात.

पायरी १: माणसाची थोडक्यात ओळख करून घ्या

जेम्स ऑस्कर स्मिथ हा फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा. घरात पियानो होता, वडील वाजवायचे. पोरगं लहानपणीच स्पर्धा जिंकायला लागलं. पुढे नौदलातली नोकरी, मग फिलाडेल्फियात संगीताचं शिक्षण, आणि १९५०च्या सुरुवातीला डॉन गार्डनरच्या बँडमध्ये पियानो. त्याचं जन्मसाल कुठे १९२५ दिसेल, कुठे १९२८. दोन्ही छापलं गेलं आहे. त्यावरून वाद घालत बसू नका.

वळण आलं ते वाइल्ड बिल डेव्हिसचा ऑर्गन ऐकल्यावर. डेव्हिस हॅमंडवर अख्ख्या बिग बँडचा दणका काढायचा. स्मिथनं कर्ज काढून स्वतःचं वाद्य घेतलं, फिलाडेल्फियातल्या एका गोदामात ठेवलं आणि तिथेच स्वतःला कोंडून घेतलं. पायाखालचे पेडल न बघता सापडावेत म्हणून त्यानं पेडलांचा नकाशा काढून भिंतीवर लावला होता, असं सांगतात. गोदामातून बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे असं काहीतरी होतं जे डेव्हिसकडेही नव्हतं: चार्ली पार्करसारख्या सॅक्सोफोनवाल्यांची बीबॉपमधली (चाळीशीच्या दशकातली जलद, गुंतागुंतीची जॅझ शैली) एकेरी, धावती, वळणं घेणारी ओळ त्यानं ऑर्गनवर आणली.

१९५६च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या स्मॉल्स पॅरडाइज या क्लबात ब्लू नोट कंपनीच्या आल्फ्रेड लायननं त्याला ऐकलं आणि लगेच ध्वनिमुद्रणाला बोलावलं. पुढच्या आठेक वर्षांत ब्लू नोटनं त्याचे इतके अल्बम काढले की नवा माणूस तिथेच हरवतो. १९६२ पासून व्हर्व कंपनीत मोठ्या बँडबरोबरचं काम. १९७०च्या दशकात लॉस एंजेलिस, तिथे स्वतःचा क्लब. १९८०नंतर पुन्हा मागणी. मायकल जॅक्सनच्या १९८७च्या 'बॅड' या गाण्यातला ऑर्गनचा छोटा सोलो त्याचाच आहे, म्हणजे तुम्ही त्याला बहुधा आधीच ऐकलेलं आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल इथे तो गेला.

चरित्र एवढं पुरे. बाकीचं ऐकता ऐकता कळत जातं.

पायरी २: वाद्य समजून घ्या (ही पायरी टाळू नका)

मराठी माणसाच्या कानात ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन वाजतो. पायानं भाते मारायचे, आत पितळी सूर, गोविंदराव पटवर्धनांसारख्यांनी गाजवलेला. स्मिथचं वाद्य त्या कुळातलं नाही. त्यात हवाही नाही आणि सूरपट्ट्याही नाहीत.

हॅमंड ऑर्गन लॉरेन्स हॅमंड या शिकागोच्या इंजिनिअरनं १९३५ मध्ये बाजारात आणला. आत एक मोटर असते, ती ९१ दातेरी चक्रं सतत फिरवत राहते. प्रत्येक चक्रासमोर एक चुंबक आणि तारेचं वेटोळं. दाते चुंबकासमोरून सरकले की तारेत वीज थरथरते. थरथर जितकी जलद तितका स्वर उंच. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा आवाज तयार होत नाही, तो आधीच तयार असतो. पट्टी फक्त दार उघडते. पियानोचा स्वर वाजल्याबरोबर मरायला लागतो. हा स्वर बोट उचलेपर्यंत जसाच्या तसा राहतो. पुढे पाचव्या पायरीत हे लागेल.

वाद्य चर्चसाठी विकलं गेलं, कारण पाइप ऑर्गन परवडत नव्हता. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ते रुजलं आणि तिथून क्लबात आलं. स्मिथच्या अल्बमांची नावं 'द सर्मन', 'प्रेयर मीटिन' अशी प्रवचन-प्रार्थनेची का, हे यावरून कळेल. स्मिथच्या नावाशी जोडलं गेलेलं मॉडेल बी-३ १९५०च्या दशकाच्या मध्यावर आलं.

त्याची अंगं अशी:

- दोन मजली कीबोर्ड, प्रत्येकी ६१ पट्ट्या. वरचा मुख्यतः उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा.
- पायाखाली २५ पेडल, तेही पट्ट्यांसारखेच मांडलेले. आणि उजव्या पायाला आवाज कमी-जास्त करायचा एक वेगळा पेडल.
- ड्रॉबार, म्हणजे ओढायच्या दांड्या. एका संचात नऊ. प्रत्येकीवर ० ते ८ आकडे. जितकी बाहेर ओढाल तितका तो स्वर मोठा.

ड्रॉबारची गंमत पेटीवाल्याला चटकन कळते. समजा तुम्ही मध्य सप्तकातला सा दाबला. पहिली तपकिरी दांडी त्याच्याखाली मंद्र सा मिळवते. तिसरी, पांढरी, म्हणजे खुद्द मध्य सा. दुसरी तपकिरी त्यात मध्य पंचम घालते. स्मिथनं गाजवलेला आवाज या पहिल्या तीन दांड्या पूर्ण ओढून आणि बाकी सहा पूर्ण आत ढकलून येतो. ऑर्गनवाले तो ८८८ असाच सांगतात. एक पट्टी दाबली की सा-सा-प एकदम. म्हणून त्याची एकेरी ओळसुद्धा भरदार वाटते.

यावर दोन गोष्टी आणखी. एक, 'पर्कशन' नावाचा खटका. तो स्वराच्या सुरुवातीला तार पंचमाचा एक चिमटीएवढा 'टण्' घालतो आणि लगेच विरतो. मेख अशी की सगळी बोटं उचलल्याशिवाय तो 'टण्' पुन्हा येत नाही. म्हणजे स्वर एकमेकांना चिकटवून वाजवले तर मऊ ओळ, सुटे वाजवले तर टणटणीत. स्मिथ एकाच ओळीत या दोन्हींचा खेळ करतो. दुसरी गोष्ट म्हणजे पट्टी दाबताना येणारा बारीक 'टिक्'. एका पट्टीखाली नऊ विजेचे संपर्क जुळतात, त्याचा हा आवाज. कंपनीच्या लेखी हा दोष होता. जॅझवाल्यांना तो आवडला, कारण त्यामुळे स्वराला धार आली.

आणि तो घुमणारा, हेलकावणारा आवाज? तो बऱ्याचदा लेस्ली नावाच्या स्पीकरचा असतो. डॉन लेस्ली या माणसानं बनवलेल्या या लाकडी पेटाऱ्यात वरचा भोंगा खरोखरच गोल फिरतो. संथ आणि जलद अशा दोन गती. हॅमंडसाहेबांना हा स्पीकर मुळीच पसंत नव्हता. आज त्याच्याशिवाय हॅमंडची कल्पना करवत नाही.

पायरी ३: बारा बारचं आवर्तन मोजायला शिका

स्मिथच्या कामाचा मोठा भाग ब्लूजवर उभा आहे. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारांचं, एका बारात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. मोजताना असं म्हणा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार... बारा-दोन-तीन-चार. आणि पुन्हा एक. आपली सम तीच.

या बारा बारांचे चार-चारचे तीन तुकडे पाडा:

- पहिले चार: मुक्काम सा वर.
- पुढचे चार: दोन बार मध्यमावर, मग दोन बार परत सा.
- शेवटचे चार: पंचमाकडे जाऊन परतीचा रस्ता, आणि सा वर उतरणं.

इथे सा, म, प म्हणजे नुसता तो एक स्वर नाही, त्याच्यावर उभी राहणारी कॉर्ड, स्वरांचा जुडगा. पाचव्या बारात मध्यम लागला की ऐकायला स्पष्ट जाणवतं, जमीन बदलल्यासारखं. हार्मोनियम असेल तर डाव्या हातानं नुसते सा-म-सा-प-सा धरून ४८ मात्रा टाळी देत मोजा. दोन-तीन संध्याकाळी हे केलंत तर पुढचं सगळं सोपं आहे. आळस केलात तर दहा मिनिटांचा सोलो तुम्हाला एक लांबलचक पट्टा वाटेल, कारण वादक कुठे आहे हेच कळणार नाही.

एक सूचना: टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. पहिल्या-तिसऱ्यावर दिलीत तर लयीतलं झुलणं निघून जातं. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला हात ऐकत नाही.

पायरी ४: पहिला अल्बम, आणि फक्त डावा हात

सुरुवात 'बॅक अॅट द चिकन शॅक' पासून करा. १९६०च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एकाच दिवशी झालेल्या कामातून हा आणि 'मिडनाइट स्पेशल' असे दोन अल्बम निघाले. मुखपृष्ठावर स्मिथ, एक कोंबडा आणि एक कुत्रा आहे, चुकणार नाही. वादक चारच: स्मिथ, टेनर सॅक्सोफोनवर स्टॅनली टरंटाइन, गिटारवर केनी बरेल, ड्रमवर डोनाल्ड बेली.

आता यादी पुन्हा वाचा. बेस, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य, वाजवणारा कोणी नाही.

तरीही हेडफोनमध्ये खाली एक जाड, गोल आवाज प्रत्येक मात्रेला एक स्वर टाकत चालतो आहे. तो स्मिथचा डावा हात. याला वॉकिंग बेस म्हणतात. डावा हात खालच्या कीबोर्डवर बेसची ओळ चालवतो, आणि डावा पाय अधूनमधून पेडलला नुसती टिचकी मारतो. पायाचं काम सूर धरायचं नसून त्या स्वराला ठोका द्यायचं, बेसची तार छेडल्यासारखी सुरुवात द्यायचं. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. उजवा हात वर त्याचं त्याचं गातो आहे. चार अवयव, चार कामं, एक डोकं.

पहिल्यांदा ऐकताना काय करायचं:

१. शीर्षकाची रचना लावा. आठेक मिनिटांची आहे. पूर्ण वेळ फक्त सगळ्यात खालचा आवाज ऐका. सॅक्सोफोनच्या मागे लागू नका.
२. दुसऱ्यांदा लावा आणि बारा बार मोजा. बेस पाचव्या बारात मध्यमाकडे कसा चालत जातो ते पकडा. तो उडी मारत नाही, मधले स्वर एकेक करून गाठतो.
३. तिसऱ्यांदा बेस आणि ड्रमची वरची झांज एवढंच. ही दोघं एकमेकांना चिकटून आहेत का, एखादी पुढे-मागे होते आहे का?
४. चौथ्यांदा मनाला वाटेल तसं ऐका.

हे एकाच बैठकीत करू नका, कान थकतो. मात्र या चार फेऱ्या झाल्यावर एक गोष्ट घडते. टरंटाइनचा सोलो चालू असतानाही तुमचं लक्ष आपोआप खाली जायला लागतं आणि तो सोलो जास्त चांगला वाटायला लागतो. कारण तो कशावर उभा आहे हे आता ऐकू येतं. बेली हा ड्रमवाला कौतुकाचा धनी आहे, त्याच्याविषयी फार बोललं जात नाही. तो जागा अडवत नाही, आणि ऑर्गनबरोबर हे फार अवघड, कारण ऑर्गन सगळी जागा खाणारं वाद्य आहे.

पायरी ५: आता उजवा हात

यासाठी माणसं कमी हवीत. 'ऑर्गन ग्राइंडर स्विंग' हा १९६५चा अल्बम घ्या: स्मिथ, केनी बरेल, आणि ड्रमवर ग्रेडी टेट. ऑर्गन-गिटार-ड्रम ही तिघांची बैठक स्मिथनंच पक्की केली आणि पुढे ती अमेरिकेतल्या वस्तीवस्तीतल्या क्लबांची ठरलेली रचना झाली. क्लबमालकाला हिशेब सोपा: तीन जणांचे पैसे, आवाज पाच-सहा जणांचा.

उजव्या हातात तीन गोष्टी शोधा.

पहिली, पार्करकडून आलेली धावती ओळ. ती क्वचितच मात्रेवर थांबते. बारची रेघ ओलांडून पुढे जाते आणि भलत्याच जागी श्वास घेते.

दुसरी, पुनरावृत्ती. दोन-तीन स्वरांचा एक छोटा तुकडा तो धरतो आणि तोच घासत राहतो, पूर्ण आवर्तन, कधी दोन. आपल्याकडे तबलजी लग्गी धरतो तेव्हा श्रोते जसे पुढे सरकून बसतात, तसं क्लबातल्या लोकांचं होतं. काही समीक्षकांना हे सवंग वाटलं. मला वाटत नाही. तो तुकडा दर वेळी कुठल्या मात्रेवर पडतो ते मोजून बघा, मग ठरवा.

तिसरी त्याची खास युक्ती: वरचा एखादा स्वर एका बोटानं धरून ठेवायचा आणि उरलेल्या बोटांनी खाली बडबड चालू ठेवायची. स्वर मरत नाही, कारण वाद्यच तसं आहे. पियानोवर हे होणार नाही. कित्येक बार तो स्वर तसाच ताणलेला राहतो, आणि सुटतो तेव्हा खोलीतली हवा बदलते.

मधेमधे माणसाचं गुरगुरणं ऐकू आलं तर रेकॉर्डिंग खराब आहे असं समजू नका. तो स्मिथच आहे.

पायरी ६: 'द सर्मन', वीस मिनिटं उठायचं नाही

आता 'द सर्मन'. शीर्षकाची रचना १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली, वीस मिनिटांची. साधा मध्यम लयीतला ब्लूज, आर्ट ब्लेकीचे ड्रम, केनी बरेलची गिटार, आणि मग एकेक जण पुढे येऊन बोलतो: ट्रम्पेटवर ली मॉर्गन, टेनर सॅक्सोफोनवर टीना ब्रुक्स, आल्टोवर लू डोनाल्डसन. तेव्हा मॉर्गन विशीतही नव्हता. रचना पियानोवादक होरेस सिल्व्हरसाठी केलेली आहे.

नवख्यांची चूक म्हणजे हे काम करताना मागे लावून ठेवणं. त्यात काही घडत नाही असं वाटतं, कारण लय बदलत नाही, आवाज फारसा चढत नाही. पण तुम्ही बारा मोजत बसलात तर कळतं की स्मिथ मागून प्रत्येकाला वेगळं खाद्य देतो. एकासाठी नुसते लांब धरलेले सूर, दुसऱ्यासाठी छोटे टोले, तिसरा रंगात आला की मागून दबाव. संगत कशाला म्हणतात याचा हा धडा आहे, आणि भजनाला किंवा ख्यालाला पेटीची साथ केलेल्यांना तो जास्तच भावेल.

जिवंत मैफल हवी असेल तर 'ग्रूव्हिन अॅट स्मॉल्स पॅरडाइज' ऐका, १९५७, तिघांचंच. आणि हात प्रत्यक्ष बघायचे असतील तर पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहातला १९६९चा चित्रित कार्यक्रम शोधा. एकदा बघितल्यावर 'हे सगळं एकच माणूस करतो' यावर विश्वास बसतो.

पायरी ७: मोठ्या बँडचे अल्बम नंतर

व्हर्वचे अल्बम जास्त विकले गेले, म्हणून अॅप तेच आधी दाखवतं. १९६२च्या 'बॅशिन' मधलं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' ही ऑलिव्हर नेल्सननं बँडसाठी बांधलेली चित्रपटाची धून गाजली, पॉपच्या यादीत चढली. त्या तबकडीची रचना शिकण्यासारखी आहे: एका बाजूला मोठा बँड, दुसऱ्या बाजूला तिघंच. दोन्ही लागोपाठ ऐका. मोठ्या बँडच्या बाजूला जॉर्ज डुव्हिव्हिए हा बेसवादक आहे, त्यामुळे स्मिथचा डावा हात मोकळा होतो. काय मिळालं आणि काय गेलं ते तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर दणका वाढला, दोरी सैल झाली.

१९६४चा 'द कॅट' लालो शिफ्रिननं बांधलेला, चटपटीत, पाहुणे आल्यावर लावायला छान. गिटारवादक वेस माँटगोमरीबरोबरचा 'द डायनॅमिक ड्युओ' (१९६६) मात्र नीट बसून ऐकायचा. दोन मोठे वादक एकमेकांना वाट देतात तेव्हा काय होतं ते त्यात आहे.

१९७२चा 'रूट डाउन' वेगळ्याच जगातला: फंक, बेस गिटार, घामाघूम क्लब. बीस्टी बॉइज या रॅप गटानं १९९०च्या दशकात त्यातला तुकडा उचलला आणि रॅप ऐकणारी पिढी स्मिथकडे आली. तो लॉस एंजेलिसमधल्या 'बॉम्बे बायसिकल क्लब' मध्ये ध्वनिमुद्रित झाला. नाव बघून मुंबईत झाला होता अशी पोस्ट टाकू नका. आणि बेसचं कौतुक स्मिथला देऊ नका; तिथे विल्टन फेल्डर आहे.

पायरी ८: वाजवून बघायचं असेल तर

हार्मोनियम येणाऱ्यांच्या बोटांत अर्धं काम झालेलं असतं, पण एक सवय मोडावी लागते. डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. त्याला आता स्वतंत्र ओळ वाजवायची आहे.

- ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि लॅपटॉप पुरे. हॅमंडची नक्कल करणारी सॉफ्टवेअर मिळतात. सेट-बी-फ्री हे फुकट आहे.
- पट्ट्या दाबायला हलक्या असाव्यात. पियानोसारख्या जड पट्ट्यांवर हे वादन होत नाही, तळहातानं घसरत जायचं असेल तर बोटं सोलवटतात.
- सॉफ्टवेअरमधल्या वरच्या कीबोर्डला ड्रॉबार ८८८, बाकी शून्य. पर्कशन चालू: तिसरा हार्मोनिक (तोच तार पंचमाचा 'टण्'), जलद, मंद आवाज. व्हायब्रॅटो, म्हणजे स्वर हलवण्याचा खटका, सी-३ वर. लेस्ली संथ.
- खालच्याला पहिली आणि तिसरी दांडी पूर्ण, मधली अर्ध्याहून कमी.
- आधी फक्त डावा हात. बारा बार, मात्रेला एक स्वर, मेट्रोनोम दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. तो न बघता, बोलता बोलता चालायला लागला की मगच उजवा. पाय सगळ्यात शेवटी.

सगळ्यात महाग सापळा इथेच आहे. अमेरिकेतून जुना बी-३ आणायचा मोह अनेकांना होतो. दोनशे किलोच्या आसपासचं हे धूड जिन्यातून चढवण्याचा प्रश्न सोडा. खरी अडचण विजेची आहे. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो आणि स्वर मोटरच्या वेगावर. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावलात तरी हर्ट्झ तसेच राहतात, आणि अख्खं वाद्य सा आणि कोमल ग यांच्यात असतं तेवढ्या अंतरानं खाली उतरतं. सगळ्या पट्ट्या एकदम! त्यासाठी फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो, किंवा मुळात ५० हर्ट्झच्या देशांसाठी बनवलेलं वाद्य शोधावं लागतं. विकणारा हे सांगेलच असं नाही. मागच्या पाटीवरचा हर्ट्झचा आकडा फोटोत मागून घ्या.

असं वाद्य एखाद्या स्टुडिओत किंवा चर्चमध्ये वाजवायला मिळालं तर चालू करायची पद्धत लक्षात ठेवा. दोन खटके असतात. 'स्टार्ट' आठेक सेकंद दाबून धरायचा, तो धरलेला असतानाच 'रन' लावायचा, आणखी चारेक सेकंदांनी 'स्टार्ट' सोडायचा. घाई केली तर चक्रं वेग घेत नाहीत.

शोधताना होणारे घोळ

स्मिथ हे आडनाव फार झालं. जॉनी हॅमंड स्मिथ हाही ऑर्गनवादकच. डॉ. लॉनी स्मिथ, पगडी घालणारा, तोही ऑर्गनवादक आणि उत्तम. लॉनी लिस्टन स्मिथ हा आणखी वेगळा, कीबोर्डवाला. अॅप या सगळ्यांना एकमेकांत मिसळतं. अल्बमवर वादकांची नावं बघायची सवय लावा. बरेल, बेली, किंवा गिटारवादक मॅकफॅडन आणि थॉर्नेल श्वार्ट्झ यांपैकी कोणी दिसलं तर बहुधा तुम्ही योग्य जागी आहात.

'बेस्ट ऑफ' संकलनं टाळा. त्यांत १९५७चा क्लब आणि १९६४चा बँड शेजारीशेजारी येतात, आणि डाव्या हातात बेस आहे की बाजूला बेसवाला बसला आहे याचा पत्ता लागत नाही. जलद रचनाही आधी नकोत. 'द चँप' या रचनेचं १९५६चं ध्वनिमुद्रण ऐकून न्यूयॉर्कचे वादक हादरले, हे खरं, पण कान तयार नसताना ती नुसती धावपळ वाटते. तीन-चार महिन्यांनी तिच्याकडे या.

पायरी ९: त्याच्यानंतर कोण

मागे जायचं असेल तर फॅट्स वॉलर. त्यानं १९२०च्या दशकात पाइप ऑर्गनवर जॅझ वाजवला होता. स्मिथच्या सावलीत वाढलेल्यांत जॅक मॅकडफ आणि जिमी मॅकग्रिफ हे सरळ, ब्लूजवाले. शर्ली स्कॉट फिलाडेल्फियाचीच, आणि काही काळ टरंटाइनची पत्नी. तिचा हात जास्त मोजका आहे. स्मिथचा आवाज कानात पक्का बसल्यावर लॅरी यंगचा १९६५चा 'युनिटी' लावा. वाद्य तेच, पण गिटार नाही, आणि ब्लूजची जमीन जवळजवळ काढून घेतलेली. पहिल्यांदा परकं वाटेल.

जोई डिफ्रान्सेस्को या फिलाडेल्फियाकडच्याच वादकानं स्मिथबरोबर 'लेगसी' हा अल्बम केला, तो २००५ मध्ये स्मिथच्या शेवटच्या दिवसांच्या सुमारास आला. दोन हॅमंड एकत्र. आधी डावीकडचा हेडफोन काढून ऐका, मग उजवीकडचा, आणि कुठली ओळ कोणाची हे कागदावर लिहायचा प्रयत्न करा. पर्कशनचा 'टण्' सुटा पडतो आहे की चिकटून, त्यावरून बराच माग लागतो.